आईचं एचबीए१सी ७.९, पण घरच्या मशीनवर साखर चांगली येते. खरं कुणाचं धरायचं?

यंत्रमाग (इचलकरंजी)

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसतं वाचत होतो, आज लिहायची पाळी आली.

आई, वय ६१, वजन ४९ किलो. साखर २०१४ पासून. २०२२ च्या दिवाळीच्या आधी छातीत दुखलं, एक स्टेंट बसला. तेव्हापासून रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या, कोलेस्टेरॉलची एक, बीपीची एक, साखरेला मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. घरी ग्लुकोमीटर आहे. दर रविवारी सकाळी मी स्वतः बघतो. उपाशीपोटी १०५ ते १२५, नाश्त्यानंतर दोन तासांनी १४० ते १६०. सगळं वहीत लिहिलेलं आहे.

गेल्या महिन्यात एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) केलं, ७.९ आलं. डॉक्टरांनी वही उघडलीसुद्धा नाही. ‘घरची मशीन म्हणजे खेळणं’ म्हणाले आणि ग्लिमेपिराइड १ ची २ केली. आठव्या दिवशी दुपारी बाराला आई भाकरी थापता थापता घामाघूम, हात थरथरायला लागले. मी घरी नव्हतो. शेजारच्या वहिनींनी मशीन लावली तर ६४. लगेच साखरपाणी दिलं म्हणून निभावलं. डॉक्टरांना फोन केला, गोळी परत १ वर आणली. पण मग ७.९ चं काय?

म्हणून दोन दिवसांनी दुसऱ्या लॅबचा माणूस घरी बोलावला, पूर्ण पॅकेज केलं. तिथं एचबीए१सी ७.८. पण उपाशीपोटीची साखर आली ९२, आणि त्याच सकाळी त्याच वेळी माझ्या मशीनवर ११८ होती! पहिल्या लॅबचं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ५८, यांचं ७१. एकाच बाईचं रक्त, मधे काही दिवस, खाणंपिणं तेच, औषध तेच. आता मला सांगा, विश्वास ठेवायचा कुणावर? आणि पुढच्या वेळी कुठल्या लॅबमध्ये जाऊ?

सदाशिव_उवाच (पुणे)

लॅबवाले सगळे एका माळेचे मणी. निम्मं रक्त बेसिनमध्ये ओततात आणि आकडे मनानं टाकतात. त्याला त्यांच्यात ‘सिंक टेस्ट’ म्हणतात, विचारून बघा कुणालाही. वर डॉक्टरचं कमिशन. तुमची मशीन बरोबर, बाकी सगळं बोगस.

हिरवा_चारा (संगमनेर)

गोळ्यांनीच साखर वाढते हो. तीन महिने सगळं बंद करा, सकाळी कारल्याचा रस आणि रात्री भिजवलेली मेथी. माझ्या मेहुण्याचा स्टेंट विरघळला यानं.

जांभळं_टोपण (मिरज)

हिरवा चारावाले, स्टेंट धातूचा असतो. मेथीनं विरघळला असता तर तुमच्या मेहुण्याच्या घरातला तवाही विरघळला असता. यंत्रमागदादा, त्यांचं ऐकून एकही गोळी बंद करू नका, आधी हे.

मिरज म्हणजे एकीकडे तंबोरे, दुसरीकडे दवाखाने. त्या दुसऱ्या बाजूला मी बत्तीस वर्षं काढली, रक्त घ्यायचं आणि मशीनवर लावायचं. आता निवृत्त आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे गोळ्यांचं बोलणार नाही, बल्बांचं, म्हणजे रक्त भरायच्या नळ्यांचं, बोलेन. सदाशिवराव म्हणतात ते सिंकचं प्रकरण घडतं, मी नाकारत नाही, बघितलंही आहे. पण इथं तसं झालेलं नाही. उलट तुमचे सगळे आकडे आपापल्या जागी खरे असावेत, एक सोडून.

तो एक म्हणजे ९२. घरी आलेल्या मुलानं बल्ब किती भरले आठवतं का? एक पिवळ्या टोपणाचा, एक जांभळ्या टोपणाचा. राखाडी टोपणाचा नव्हता ना? पैजेवर सांगते, नव्हता. रक्त अंगाबाहेर काढलं तरी पेशी जिवंतच असतात, बल्बमध्ये बसल्या बसल्या साखर खात राहतात. तासाला ५ ते ७ टक्के साखर अशी खाल्ली जाते. राखाडी बल्बमध्ये फ्लोराइड असतं, ते हे खाणं थांबवतं, त्यालाही सुरुवातीचा तासभर लागतोच. पिवळ्या बल्बमधलं रक्त मशीनमध्ये वेळेत फिरवून सीरम वेगळं केलं तर चालतं. पण पावणेसातला काढलेला बल्ब अकरापर्यंत स्कूटरच्या डिकीत हिंडला, तर ११८ चे ९२ होणारच. कागदावर हिशोब मांडून बघा, बरोब्बर जमतो. म्हणजे इथं तुमचं खेळणं खरं ठरलं. तरी फुशारून जाऊ नका, अशा मशीनलाही साधारण १५ टक्के इकडेतिकडे व्हायची मुभा असते. खरी साखर १२० असेल आणि मशीन १०५ म्हणाली, तरी ती नियमातच.

आता एलडीएल. पहिल्या रिपोर्टवर ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) किती आहेत? माझा अंदाज, अडीचशेच्या घरात. बऱ्याच लॅब एलडीएल मोजत नाहीत, वजाबाकी करतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) वजा, आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. फ्रीडवाल्ड नावाच्या माणसाचं हे १९७२ चं सूत्र आहे. ट्रायग्लिसराइड कमी असतील तर छान चालतं. ते वाढत गेले की सूत्र एलडीएल कमी दाखवायला लागतं, ४०० च्या वर तर वापरायचंच नाही. दुसऱ्या लॅबनं बहुतेक थेट मोजलं असेल, रिपोर्टवर ‘डायरेक्ट’ लिहिलंय का बघा. तुम्ही मात्र या भांडणात पडूच नका. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा आणि जे उरेल ते बघा, त्याला नॉन-एचडीएल म्हणतात. त्याला ना उपास लागतो ना सूत्र. स्टेंट बसलेल्या माणसाचं ते १०० च्या खाली हवं, आणखी कमी तर आणखी चांगलं.

राहिलं एचबीए१सी. दोन वेगळ्या लॅब, दोन वेगळी मशीनं, ७.९ आणि ७.८. एवढा मेळ बसतो म्हणजे मशीन चुकलेलं नाही. मग एक तर तुमची वही अर्धीच गोष्ट सांगतेय, नाहीतर आईच्या रक्तातच काहीतरी वेगळं आहे. ७.९ म्हणजे सरासरी साखर १८० च्या आसपास. तुमच्या वहीची सरासरी १३० ते १३५. हा फरक मशीनच्या चुकीत मावत नाही.

मला दोनच गोष्टी सांगा. दुसऱ्या लॅबच्या पॅकेजमध्ये सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) असेल, त्यातलं हिमोग्लोबिन आणि एमसीव्ही (तांबड्या पेशीचा आकार) किती? आणि रविवार सकाळ सोडून दुसऱ्या कुठल्या वेळी कधी साखर बघितलीय का?

यंत्रमाग (इचलकरंजी)

काकू, तुम्ही ट्रायग्लिसराइड न बघता कसं सांगितलंत? पहिल्या लॅबचे आकडे: एकूण १४८, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड २६०. वजाबाकी केली, ५८ च आलं. आणि नॉन-एचडीएल ११०. दीड वर्ष आम्ही ‘एलडीएल साठच्या खाली’ म्हणून खुशीत होतो. दुसऱ्यावर ‘डायरेक्ट’ लिहिलंय. राखाडी बल्ब नव्हता, आईला विचारलं, दोनच होते म्हणाली.

सीबीसी सातव्या पानावर सापडलं. खरं सांगतो, तिथंवर कुणी गेलंच नव्हतं, मी नाही आणि डॉक्टरही नाहीत. पहिल्या पानावर साखर आणि कोलेस्टेरॉल असतं, तेवढंच बघून फाईल बंद. हिमोग्लोबिन ८.८. एमसीव्ही ६६. दोन्हींपुढे बाण आहे.

रविवार सकाळ सोडून कधीच नाही. मी सेकंड शिफ्टला असतो, दुपारी तीनला जातो, रात्री साडेदहाला येतो.

जांभळं_टोपण (मिरज)

सापडलं बघा. निदान अर्धं तरी.

एचबीए१सी म्हणजे काय हे नीट समजून घ्या, मग पुढं कुणी फसवणार नाही. १९६८ मध्ये तेहरानमध्ये सॅम्युअल रहबार यांना मधुमेह असलेल्यांच्या रक्तात हिमोग्लोबिनचा एक वेगळाच पट्टा दिसला, तिथून ही तपासणी निघाली. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढे दिवस ती साखरेच्या पाकात पोहत असते आणि हळूहळू तिच्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते. किती टक्क्यांना चिकटली तो आकडा. म्हणजे आपण साखर मोजतच नाही, साखरेनं पेशीवर सोडलेला डाग मोजतो. जुन्या कपड्यावर जास्त डाग असतात, तसं जुन्या पेशीवर जास्त साखर. आता लोह कमी पडलं की नव्या पेशी नीट तयार होत नाहीत, म्हाताऱ्याच जास्त वेळ फिरत राहतात, आणि साखर तेवढीच असूनही आकडा वर सरकतो. उलट रक्तस्राव झाला, रक्ताची बाटली चढवली, पेशी लवकर फुटायला लागल्या, की पेशी तरुण आणि आकडा खोटा खाली. एमसीव्ही ६६ म्हणजे पेशी बारक्या आहेत, आपल्याकडे बहुतेक वेळा लोहच कमी असतं. थॅलेसेमिया मायनर या अनुवंशिक दोषातही अशाच दिसतात, तेव्हा फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) करून घ्या म्हणजे कळेल. सोबत बी-१२ पण करा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं ते उतरतं.

पण लोहानं आकडा वाढून किती वाढेल? सगळा फरक त्यातच घालायला मी तयार नाही. रात्रीचं काय? आठवडाभर जेवणाआधी, जेवायला बसल्यापासून दोन तासांनी आणि झोपताना असं बघा. जेवण संपल्यापासून नाही, पहिल्या घासापासून दोन तास.

आता खरी काळजीची गोष्ट. ६१ वर्षांच्या बाईचं, जिची पाळी केव्हाच गेलेली असणार, लोह कमी का व्हावं? पोटातून थोडं थोडं रक्त जातंय का? ती रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या घेते. गुडघ्यासाठी मेडिकलमधून वेदनाशामक आणते का, हे तिला एकटीला बसवून विचारा. बायका असल्या गोष्टी लेकाला आपणहून सांगत नाहीत. शी काळी, डांबरासारखी होते का, मूळव्याध आहे का, हेही. आणि हात जोडून सांगते, हे वाचून स्वतःच्या मनानं त्या गोळ्या थांबवू नका. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर धावायला वेळ मिळत नाही. सीबीसीचं पान वर घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे जा.

ओपीडी_संपेना (नागपूर)

फिजिशियन आहे. वरच्या काकूंनी जे लिहिलंय ते आमच्या ओपीडीत चिकटवावं असं आहे. दोनच भर घालतो.

आमच्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाचे रुग्ण येतात, सिकलसेल (हिमोग्लोबिनचा अनुवंशिक आजार) बरंच. सिकलच्या पूर्ण आजारात एचबीए१सीला काही अर्थच उरत नाही, ज्या हिमोग्लोबिनवर ते मोजतात तेच नसतं. वाहकांमध्येही पद्धत बघावी लागते. एचपीएलसीवर (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या मशीनवर) केलेलं असेल तर रिपोर्टसोबतचा आलेख मागून घ्या, वेगळं हिमोग्लोबिन असेल तर तिथं वेगळं टोक दिसतं. अशांना आम्ही फ्रुक्टोसामाइन करतो. ते गेल्या दोन-तीन आठवड्यांची साखर सांगतं, पेशींशी त्याचा संबंध नाही.

दुसरं, ४९ किलो वजन आणि ट्रायग्लिसराइड २६०, एचडीएल ३८ याचं कुणाला नवल वाटत असेल तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातलं २००४ चं एक पान आठवावं. त्यांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. सडपातळ दिसणं हा आपल्याकडे पुरावा धरत नाहीत.

आणि दहा वर्षांची साखर आहे तर लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर (लघवीतून प्रथिन किती जातंय ते) केलंय का? ३० च्या वर गेलं तर मूत्रपिंडाकडे आणि हृदयाकडेही लक्ष द्यावं लागतं. त्यासाठी रक्तही नको, सकाळची थोडी लघवी पुरते.

बाणेर_ते_बे_एरिया (सॅन होजे)

इथं माझ्या वडिलांच्या बायपासनंतर आम्हा भावंडांचं लायपोप्रोटीन-ए केलं होतं. भारतात होतं का? यंत्रमागांनी स्वतःचं करावं का?

जांभळं_टोपण (मिरज)

होतं, मोठ्या लॅबमध्ये सगळीकडे होतं. पॅकेजमध्ये असेलच असं नाही, वेगळं सांगावं लागतं. हा कोलेस्टेरॉलचा अनुवंशिक प्रकार आहे, आकडा आयुष्यभर जवळपास तोच राहतो, म्हणून एकदा केलं की झालं. ५० मिलिग्रॅमच्या किंवा १२५ नॅनोमोलच्या वर म्हणजे जास्त. एकक बघून घ्या, दोन्ही चालतात आणि लोक ५० आणि १२५ मध्ये गल्लत करून रडतात. नेहमीच्या कोलेस्टेरॉलच्या गोळीनं तो उतरत नाही. तरी माहीत असलेला बरा, बाकीच्या गोष्टी मग जास्त कसोशीनं सांभाळता येतात. यंत्रमागदादा, आईचं करा. जास्त आलं तर तुमचं.

यंत्रमाग (इचलकरंजी)

पाच महिन्यांनी लिहितोय, माफ करा. पण हा धागा अर्धवट सोडला असता तर मलाच झोप लागली नसती.

फेरिटिन ६ आलं. बी-१२ पण कमी. आईला एकटीला बसवून विचारायचं धाडस मला झालं नाही, बायकोनं विचारलं. गुडघ्यासाठी रोज एक वेदनाशामक, दोन वर्षं! कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून, पाच-पाच गोळ्या कापून. डबा पिठाच्या डब्यामागं. शौचात छुपं रक्त सापडलं, दुर्बिणीतून बघितलं तर जठराच्या आतल्या बाजूला ओरखडे. मोठं काही निघालं नाही, देवाची कृपा. हृदयरोगतज्ज्ञांनी रक्त पातळ करायची एक गोळी बंद केली, ती म्हणे एका वर्षानंतरच थांबायला हवी होती. आम्ही त्यांना दोन वर्षं दाखवलंच नव्हतं, जुन्या चिठ्ठीवर औषध आणत राहिलो. चूक आमचीच.

आता रात्रीचं. काकू, तुम्ही अर्धाच फरक मान्य केला होतात ते आठवून सांगतो. आठवडाभर तपासलं. दुपारी सगळं ठीक. संध्याकाळी ठीक. आई आठला जेवते, दहाला १५५. आणि रात्री साडेबाराला २२६.

पहिल्या दिवशी मला वाटलं पट्टी खराब आहे. दुसऱ्या दिवशी २१८. तिसऱ्या दिवशी मी जेवताना तिच्याकडे बघितलं. मी साडेदहाला येतो, ती ताट वाढते आणि समोर बसते. मला एकट्याला जेववत नाही म्हणून माझ्याबरोबर थोडा भात कालवते. मग दोघांचा चहा, दोन-दोन चमचे साखर, दोन खारी. हे गेली सहा वर्षं रोज. माझ्यासमोर! आणि मी रविवारी सकाळी वही उघडून खूश.

आता ती साडेदहाला बसते समोर, पण ताक घेऊन. लोहाची गोळी सुरू केल्यावर तीन महिने एचबीए१सी करायचं नाही असं डॉक्टरच म्हणाले, नव्या पेशींची लाट आली की आकडा खोटा खाली येतो म्हणून. मागच्या आठवड्यात केलं. हिमोग्लोबिन १२.१. एचबीए१सी ६.९. ग्लिमेपिराइड १ वरच आहे. कोलेस्टेरॉलची गोळी वाढवली, नॉन-एचडीएल ८४. लघवीचं गुणोत्तर ४१ आलं, त्यावर बीपीची गोळी बदलली. लायपोप्रोटीन-ए ३१ मिलिग्रॅम, म्हणजे ठीक.

लॅब बदलली नाही. पहिल्याच लॅबमध्ये आईला घेऊन जातो, तिथंच रक्त देतो, तिथंच फिरवतात.

जांभळं_टोपण (मिरज)

वाचून बरं वाटलं रे. ४१ चं एकदा परत करा तीन महिन्यांत, एका आकड्यावर जाऊ नका. ताप असेल, लघवीला जळजळ असेल तर त्या दिवशी नको.

आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेत नाही ना? चहा लोह अंगी लागू देत नाही. साडेदहाचा चहा बंद झाला म्हणतोस, सकाळचा चालू असणारच.

यंत्रमाग (इचलकरंजी)

आत्ता विचारलं. चहाबरोबरच घेत होती.